जयंतीच्या दिवशीचे एकशे बारा

"ताई, सासरचे चारच्या गाडीनं मले माहेरी धाडून रायले!" रश्मी दारातूनच ओरडली. "म्हणे, मी सासूच्या रातच्या दुधात साखर टाकून रायली!"

गुप्तहेर रचना खुर्चीतून उठलीच. दोन वाजले होते. तिचा सहकारी प्रफुल अजून डबा चाटूनपुसून खात होता.

"डबा राहू दे! स्कूटी काढ!"

सालेकशाबाहेर रश्मीच्या सासरच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. प्रफुलची चप्पल त्यांत चिकटली.

"राजेहो, हा गूळ हाय का?"

रश्मीचा नवरा राजदीप डायबिटीस असलेल्या आईची रोज सकाळची रक्तातली साखर कॅलेंडरवर लिहायचा. २६४, २८१, २७०. चौदा एप्रिलला मात्र ११२. पंधराला पुन्हा २७८.

"केव्हा मोजता?" रचना येरझाऱ्या घालत म्हणाली.

"आई पहाटे मोह वेचून येते. बाजेवर बसली का लगेच टोचतो. चहा मंग."

"चौदालाही?"

"जयंतीले कोन मोह वेचते? आंघोळ केली, पांढरं लुगडं नेसली. मोजली आन् विहारात गेलो."

सासरे यादोराव गुरगुरले, "त्या राती खीर खाल्ली, म्हनून पंधराले वाढली."

"आणि बाराला, तेराला कोणती खीर होती?"

यादोराव कॅलेंडरचे आकडे पुन्हा वाचू लागले.

सासू कुसुमबाई घामानं भिजल्या होत्या. "मी फूलभी तोंडात नाई टाकत, व माय. इन्सुलिन वाढवलं तवापासून दुपारी हातपाय कापून रायले."

साखर मोजायच्या मशीनच्या पिशवीवर मुंग्यांची रांग होती.

"यांनाही डायबिटीस झाला का?" प्रफुल हसला. रचना हसली नाही. साडेतीन वाजले होते!

"मावशी, थोडी फुलं चाळवा. राजदीप, आता टोचा."

२९१.

"पाहा!" यादोराव ओरडले.

"थांबा. मावशी, साबणानं हात धुवा, पुसा. त्याच बोटाला पुन्हा टोचा."

६२.

राजदीपनं मशीन उलटंपालटं करून पाहिलं.

"गुन्हेगार अंगणात पसरलाय," रचना म्हणाली. "मोहाचा गोड चीक बोटाला राहतो, रक्ताच्या थेंबात मिसळतो. मशीन तोही मोजतं. मुंग्या त्याच चिकाला आल्या. जयंतीला आंघोळ आधी, टोचणं नंतर. म्हणून एकशे बारा! या खोट्या आकड्यांवर डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं आणि मावशींची साखर खरोखरच पडायला लागली. ही थरथर त्याचीच. आधी साखर पाजा, मग थेट दवाखाना. डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिनची पुढची सुई नाही!"

रश्मी धावली. पेल्यात साखर ओतली, ढवळली आणि पेला सासूच्या ओठांना लावला. कुसुमबाई गटागटा प्यायल्या. पंधरा मिनिटांत थरथर थांबली.

दूर चारची गाडी शिटी देत निघून गेली.

यादोराव कोपऱ्यातल्या रश्मीच्या पिशवीकडे पाहत राहिले. मग स्वतःच ती उचलून आत ठेवून आले.

कुसुमबाईंनी सुनेचा हात धरला. "दवाखान्यात तूच चाल माह्यासंगं. आन् साखरेचा डबा तुह्याचजवळ ठेव."