निरभ्र चित्रांतलं बेट

थोरल्या भावाला बेटावरून परत आणायचं, एवढ्याचसाठी नकाशावाली फुगलेल्या नदीत उतरली होती. हे बेट उंच आहे, पुरात बुडायचं नाही, असं तिच्याच नकाशाने सांगितलं होतं. त्या भरवशावर दादा आणि त्याचा जोडीदार तिथे तंबू ठोकून पाण्याची पातळी मोजत होते.

तिच्या ऑफिसची रीतच तशी! उपग्रहाच्या चित्रांतली ढगाळ बाजूला सारायची, निरभ्र तेवढी जोडून नकाशा करायचा. निरभ्र आकाश म्हणजे उन्हाळा, आणि उन्हाळ्यातली नदी म्हणजे पेंगणारी म्हैस. काल दादाचा फोन लागेना, तेव्हा तिने टाकून दिलेली चित्रं उघडली. ढगांच्या फटींतून स्पष्ट दिसत होतं, दर पुरात नदी बेटाच्या मधोमध नवी वाट कोरत होती.

"ताई, घट्ट धरा," नावाडी म्हणाला.

मुळासकट उपटलेलं झाड अंगावर आलं. नावाड्याने वल्हं रोवलं. होडी गर्रकन फिरली! फळी कडाडली! पाणी आत घुसलं! ती डब्याने उपसत राहिली. चहूकडे पाणीच पाणी, तोंडचं तेवढं पळालेलं.

बेट अंगणाएवढं उरलं होतं. दादा त्यावर एकटाच उभा होता, जोडीदार कुठे दिसत नव्हता.

"दादा, चल. बस लवकर."

"तो सकाळी मोजपट्टी बघायला गेलाय. येईल एवढ्यात. थांबू जरा."

काठाचा मोठा लचका तुटून पाण्यात गेला. नावाड्याने होडी कशीबशी टेकवून धरली.

"मोजपट्टी होती तिथून आता मुख्य धार वाहतेय, दादा. आम्ही तिकडूनच आलो. तिथे कोणी नाही."

"तुझ्या नकाशात तिथे जमीन आहे."

"नकाशा चुकला माझा."

"मग आत्ताही चुकत असशील."

तिने त्याची कॉलर धरली, नावाड्याने कंबर. दादा लाथा झाडत होता. पायाखालची माती सरकली! तिघेही होडीत कोसळले! मागे तंबू, यंत्रं, वर्षभराची मोजमापं, सगळं नदीने गिळलं.

दादा उठून बसला आणि जोडीदाराला हाका मारू लागला. घसा बसला तरी तो थांबेना. नावाडी मान खाली घालून वल्हवत होता. दादाला गप्प करायला म्हणून ती पुढे सरकली, त्याच्या शेजारी बसली, आणि तीही हाका मारू लागली.