निसर कापड

इचलकरंजीत आता सुती कापडाचा एकही माग उरला नव्हता. सगळीकडे निसर. या कापडाचा धागा अंगावरून असा घसरे की कातडीला घर्षण लागतच नसे. मुळात ते अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांसाठी काढलं होतं, त्यांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. मग घामोळं नको, काचणं नको, असं म्हणत सगळ्यांनीच घेतलं. याला तीस वर्षं झाली.

जुना विणकर गुरुनाथअण्णा याने नातीसाठी आपल्या सुती धोतराचं दुपटं आणलं होतं. बाळाला नवं कापड घालत नाहीत, वापरून मऊ झालेलं घालतात, हा रिवाज. लेक सुनेत्राने ते अकरा महिने कपाटात कोंबून ठेवलं. आज ती आंघोळीला गेल्यावर अण्णाने नातीला त्यात गुंडाळलं. दहा मिनिटांत पोरीची पाठ सोलवटली.

दवाखान्यात सुनेत्रा बापाशी बोलेना. डॉ. मुजावरबाईंनी मलम लावलं.

"काका, घासलं की कातडी जाड होते. मागावर तुमच्या बोटांना घट्टे पडले, तसंच. हिला कधी काही घासलंच नाही."

"म्हणजे धोतराची चूक नाही."

"नाही."

"मग सुनेत्राला सांगा. मला सांगून काय उपयोग?"

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही सांगितलं. पाठ बरी झाली की रोज थोडं थोडं घासायचं. दोन वर्षांची व्हायच्या आत. नंतर कातडी शिकत नाही. मग कुणी हात धरला तरी रक्त येईल. पोर रडेल, पण थांबायचं नाही.

सुनेत्रा म्हणाली, मीच करीन. तिने दुपटं हातात घेऊन चोळून पाहिलं. तिसऱ्यांदा चोळताच तिचेच तळवे लालभडक झाले. ती अठ्ठावीस वर्षांची, जन्मापासून निसरमध्ये. नर्सचं तेच. शेवटी सगळ्यांची नजर अण्णाच्या हातांवर गेली.

"कापडाचीही गरज नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचा तळवा पुरे."

"पहिल्यांदा नातीला हात लावू देताय," अण्णा चिडून म्हणाला, "ते असल्या कामाला."

आता तो रोज दहाला येतो. पोरीची कातडी जाड होऊ लागली आहे. ती चालायलाही लागली आहे. अण्णा दारात दिसला की भिंतीला धरून आतल्या खोलीकडे पळते. सुनेत्रा तिला उचलून आणते, त्याच्या मांडीवर ठेवते आणि बाहेर जाऊन दार ओढून घेते.