परत आलेलं कार्ड

"काय हरवलंय?" मालती गावस यांनी विचारलं.

"आता काहीच नाही," गौरवी म्हणाली. "हरवलं होतं, ते परत मिळालं. पण मिळालंय ते तेच नाही, असं मला वाटतंय."

निहारने लिहायला उचललेलं पेन खाली ठेवलं. डिचोलीच्या बाजारातल्या या माडीवर तो मालतीताईंच्या शोधकामात मदतनीस म्हणून आला, तेव्हापासून त्याने पळालेले नवरे पाहिले, चोरलेल्या मोटारी पाहिल्या. वस्तू परत मिळाल्याची तक्रार मात्र पहिलीच.

गौरवी बोलींचा अभ्यास करायची. पेडण्याच्या टोकाला असलेल्या केरी गावातल्या वृद्ध बायकांच्या बोलण्याचं व्याकरण ती लिहीत होती.

"उंदीर शब्दाला प्रत्यय लागला की मधला स्वर गळतो," तिने समजावलं. "उंदीर, उंदराक, म्हणजे उंदराला. तसं सगळेच बोलतात. पण बाहेरून आलेल्या शब्दांचं काय? खिडकीला आपण जनेल म्हणतो, तो पोर्तुगीज शब्द. केरीच्या सुमंगलाबाई 'जनलाक' म्हणाल्या. परका शब्दही त्यांनी घरच्या वळणावर आणला होता. माझं सगळं पुस्तक त्यावर उभं आहे. परत मिळालेल्या रेकॉर्डिंगच्या कार्डावर मात्र त्या 'जनेलाक' म्हणतात."

"मग त्यांनाच पुन्हा विचारा की," निहार म्हणाला.

"रेकॉर्डिंगनंतर त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली. त्यांचा आवाज आता फक्त त्या कार्डावर आहे."

निहारला आपल्या आगाऊपणाची लाज वाटली.

रेकॉर्डरमधलं ते कार्ड गौरवीने मयेतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत मेजाच्या खणात ठेवलं होतं. संगणक दुरुस्तीला गेला होता, म्हणून प्रत काढायची राहिली होती. एके दिवशी कार्ड नाहीसं झालं. रडून रडून शोधलं, आणि आठवडाभराने ते त्याच खणाच्या मागच्या फटीत सापडलं.

"आधीचं मी एकदाच ऐकलं होतं. एका चित्राला त्या हसल्या आणि गप्पच बसल्या, एवढं आठवतं. आता ते हसणंही नाही. मला भास झाला होता की काय, तेच कळेनासं झालंय."

"चित्र कसलं?"

"आम्ही स्वतः शब्द उच्चारत नाही. आपण बोललो की समोरचं माणूस आपलीच री ओढतं. म्हणून चित्र पुढे करायचं आणि तोंड बंद ठेवायचं. रेकॉर्डिंगमध्ये आवाज फक्त त्यांचा."

"संशय कोणावर?"

गौरवी घुटमळली. "माझा सहकारी रुद्रेश. परके शब्द नियमाबाहेरच राहतात, असं तो मांडतो. त्याच आठवड्यात तो मयेला येऊन गेला."

कार्ड लावलं. एक घोगरा म्हातारा आवाज थांबत थांबत बोलू लागला. "जनेलाक पडदो लावलो." मग, "उंदरान कापड खाल्लां." मग, "ह्यां विठ्ठलाचां देऊळ." शेवटचं वाक्य मालतीताईंनी पुन्हा ऐकलं. ताई भाविक आहेत हे निहारला ठाऊक नव्हतं.

रुद्रेश डिचोलीतच भेटला आणि जराही गडबडला नाही. "माणूस एकच शब्द सकाळी एक तऱ्हेने बोलतो, संध्याकाळी दुसऱ्या. 'जनेलाक' म्हणाल्या म्हणून कार्ड खोटं ठरत नाही. आणि मी केरीला कधी पाऊलही टाकलेलं नाही. तिथल्या म्हातारीचा आवाज कुठून आणू?"

निहारला त्याचं म्हणणं पटलं, आणि पटलं म्हणून त्याचा संशय आणखी वाढला.

गौरवीबरोबर ते दोघे मयेला पोचले, तेव्हा तिची घरमालकीण रुक्मिणीमावशी दारातच उभी होती. तिचाही आवाज घोगरा होता. या वयात सगळ्यांचाच होतो. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे मालतीताईंनी पाहिलं.

"ह्यो माझो भाव विठ्ठल," मावशी म्हणाली. "केरयेक तेची होडी होती. सुमंगला तेचीच बायल, माझी वयनी. माझां लगीन होयसर आमी दोघी एकाच घरात रवलों. मीच ह्या बायक तिच्याकडे धाडलंय."

"कार्ड हरवलं तेव्हा घरात कोण आलं होतं?"

"तो रुद्रेश इलो होतो. आणि माझो भाचो. तो काय, येतच आसता." मावशीने पदर सारखा केला. "पोर जेवणाक शिवत नव्हती. माका बघवेना."

"चला आमच्याबरोबर केरीला," मालतीताई म्हणाल्या. "वहिनीलाही भेटणं होईल."

केरीला कृष्णनाथ अंगणात जाळं सांधत बसला होता. सुमंगलाबाईंचा हा एकुलता मुलगा.

"आवयचो आवाज मी मागलंय, खरां," कार्डाचा विषय निघताच तो गौरवीकडे न बघता म्हणाला. "बाय म्हणाली, पुस्तक छापून होयसर कोणाक देवचो नाय."

"तसा आमचा नियम आहे," गौरवी म्हणाली.

आत खाटेवर सुमंगलाबाई पडून होत्या. नजर लख्ख, ओठ मात्र एका बाजूला ओढलेले. सगळे खोलीत येऊन बसले. मालतीताईंनी विचारलं, "कृष्णनाथ, तुमची आई वडिलांना हाक कशी मारायची?"

"हाक? 'आयकलां मरे' म्हणायची."

"आणि नाव घेऊन?"

कृष्णनाथ विचार करू लागला. त्याच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. "नाव... नाय. कधीच नाय."

"जुन्या वळणाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. देवाचं तेच नाव असलं तरी जिभेवर आणत नाही. कार्डावरचा आवाज मात्र 'विठ्ठलाचां देऊळ' बिनदिक्कत म्हणतो. म्हणजे तो सुमंगलाबाईंचा नाही. गौरवीला आठवणारं हसणं खरं होतं. देवळाचं चित्र पुढे आलं, तेव्हा बाई लाजून हसल्या आणि गप्प बसल्या."

"मग आवाज कोणाचा?" निहार पुरता गोंधळला होता.

"आवाज तसाच म्हातारा, बोली जवळची, चित्रं आणि रेकॉर्डर हाताशी, आणि विठ्ठल हे नाव खुशाल घेणारी बाई. नवऱ्याचं नाव अडतं, भावाचं कशाला अडेल? मघाशी फोटो दाखवताना ते आपण ऐकलंच. लग्नानंतरचं आयुष्य मयेत गेलं, म्हणून 'जनलाक'चं 'जनेलाक' झालं असेल. पण तेवढ्यावर मी कोणाला धरलं नसतं."

रुक्मिणीमावशीने कृष्णनाथकडे बोट दाखवलं आणि डोळ्यांना पदर लावला. "कार्ड ह्येणां नेलां. बाय रडाक लागली तेव्हा माका कळलां. म्हटलां, शब्दच होये ना, मी बोलतंय. वयनी काय, मी काय. नवीन कार्ड हाडून बोललंय आणि फटीत ठेवलंय."

कृष्णनाथने उशीखालून लहानसा रेकॉर्डर काढला. "आवय परत बोलाची नाय. माका वाटलां, कार्ड म्हणजे कॅसेट. तुझ्याकडे आसली की माझ्याकडे नाय."

"प्रत काढता आली असती," गौरवी हळूच म्हणाली. "हव्या तेवढ्या."

"तां त्या दिसा सांगूक होयां होतां, बाय."

या घरातला आवाज तिने या घरालाच नाकारला होता, आणि ते तिला आता कळत होतं. तिला फार वाईट वाटलं.

कृष्णनाथने रेकॉर्डर सुरू केला. "जनलाक पडदो नाय." गौरवीने डोळे मिटले. पुढे उंदीर आला, फूल आलं, आणि मग ते हसणं, दबकं, एखाद्या नव्या नवरीचं असावं तसं. त्यामागून समुद्राची गाज आणि बाकी शांतता.

गौरवीने पिशवीतून देवळाचं ते चित्र काढलं. सवयीप्रमाणे काही न बोलता ते सुमंगलाबाईंपुढे धरलं.

बाईंनी चित्राकडे पाहिलं. ओठांची शाबूत असलेली बाजू हलकेच वर गेली. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"दोन प्रती काढायच्या," गौरवी निहारला म्हणाली. "पहिली इथे ठेवू."