एक विद्यार्थी कमी

शेषरावांनी डबा उघडून पहिला पेढा प्रसेनजितच्या तोंडात कोंबला, दुसरा बायकोच्या, भागिरथाबाईंच्या हातावर ठेवला, तिसरा दारातल्या शेजारणीला दिला, आणि नीलिमाने नकळत पुढे केलेला हात तसाच राहिला... डब्याचं झाकण लागलं!

“तुले कायचा पेढा? काठावर पास झाली त्याचा?”

नीलिमाने हात मागे घेतला आणि उगाचच ओढणी सारखी केली. शेजारीण हसली. अशा वेळी शेजारणींना बरं हसू येतं!

बारावीचा निकाल होता तो. प्रसेनजित गणितात कॉलेजातून पहिला आला होता आणि पुण्याच्या विद्यापीठात गणितच शिकायला जाणार होता. मोठी बहीण नीलिमा त्याच वर्गात, त्याच गणितात कशीबशी तरली होती. आईच्या ऑपरेशनच्या वर्षी घर सांभाळताना तिची शाळा बुडाली आणि भाऊ-बहीण एकाच इयत्तेत आले, तेव्हापासून घराला दोघांची तुलना करायची सवयच लागली होती.

एके काळी मात्र बाबा तिला नावाने हाकसुद्धा मारत नसत. शेषराव वाशिमच्या दवाखान्यात वॉर्डबॉय. नर्सबाईंची ऐट त्यांनी जन्मभर डोळे भरून पाहिलेली. आपली पोरगी त्या पांढऱ्या कपड्यात वॉर्डातून फिरेल, हे त्यांचं एकुलतं एक स्वप्न! म्हणून ते तिला लाडाने ‘सिस्टर’ म्हणत. “सिस्टर, पानी आन व!” आणि ती धावत पाणी आणी. ते स्वप्न तिचंही होतं. प्रसेनजितला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. हाडं दुखून तो तळमळू लागला, त्याला रक्त चढवायची वेळ आली, की आई बाहेर पायरीवर रडत बसे आणि आत त्याचा हात धरून नीलिमा बसे, पिशवीतलं रक्त संपेपर्यंत... पापणी न लववता.

मग अकरावी आली. नर्सिंगला जीवशास्त्र हवं, म्हणून ती नाव द्यायला गावातल्याच, अनसिंगच्या कॉलेजात गेली, तर गणिताचे उदयसिंग सर एकटेच खिन्न बसलेले. गणिताला एक विद्यार्थी कमी होता, म्हणून वर्गच सुरू होणार नव्हता. प्रसेनजितने वाशिमला जावं म्हटलं तर रोजची जीपची दगदग आणि हिवाळ्यातला गारठा त्याच्या दुखण्याला चालणार नव्हता. आणि गणिताशिवाय तो पोरगा म्हणजे... ताटातली डाळ विसरून बोटाने पाटावर आकृत्या काढणारं ते लेकरू! गणित आणि जीवशास्त्राचे तास तिथे एकाच वेळी, दोन्ही घ्यायची सोय नाही. नीलिमाच्या काळजात कळ उठली... क्षणभरच!

“माह्यं नाव लिहा सर, गणिताले. पन घरी कोनाले सांगू नका. प्रसेनजितले समजलं तं तो गणित सोडून देईन.”

घरी येऊन तिने सांगितलं, “बाबा, मले सिस्टर नाई व्हायचं. रक्त पाहून भेव वाट्टे मले.”

 त्या दिवसापासून शेषरावांच्या तोंडून ‘सिस्टर’ गेलं. रक्ताला भिऊन पोरीने सोन्यासारखी वाट सोडली आणि वर भावाची बरोबरी करायला गणित घेतलं, असं त्यांनी मनात पक्कं केलं. आणि नीलिमा त्या परक्या विषयाशी झुंजत राहिली. कधी प्रसेनजित वैतागून म्हणे, “ताई, येवढंबी येत नाई तं गणित घेतलं काहून?” ती हसे. त्या हसण्यामागची व्यथा त्या घरात कुणाला दिसली असेल तर शपथ!

शेजारीण अजून दारातच होती, तोच उदयसिंग सर आले. प्रसेनजित पाया पडला. शेषरावांनी पेढा पुढे केला.

“घ्या सर! एकानं नाव काढलं. या दुसरीनं मातर तुमच्या वर्गातली जागा फुकट अडवली!”

सरांचा पेढा घेतलेला हात थांबला. नीलिमाने डोळ्यांनी विनवलं... नको, सर, नको! पण सरांचा चेहरा लाल झाला होता.

“शेषराव, ती जागा हिनं अडवली नसती तर वर्गच उघडला नसता! एक विद्यार्थी कमी होता. हिनं आपलं जीवशास्त्र सोडलं, म्हणून तुमचा मुलगा आज पहिला आला. मी शब्द दिला होता... मोडला. माफ कर पोरी.”

भागिरथाबाईंनी तोंडाला पदर लावला. प्रसेनजित भिंतीला टेकला.

“ताई... खरं?” त्याने विचारलं. “मी नाई जात पुन्याले!”

आणि इतक्या दिवसांत नीलिमाचा संयम पहिल्यांदा तुटला!

“नाई जात? मंग मी कायच्यासाठी रडत रडत त्या इंटिग्रेशनशी भांडली रे? तू गेला नाई ना, तं माह्यं सारं वाया जाईन! तुले जा लागते, समजलं?”

तो तिच्या कुशीत शिरून लहानपणीसारखा रडू लागला. सर हळूच म्हणाले, “जीवशास्त्र घेऊन पुन्हा परीक्षेला बसता येतं. पण वर्ष जाईल, आणि पुढं प्रवेश मिळेलच असं मी सांगू शकत नाही.”  शेजारीण हसू विसरून आपल्या घरी निघून गेली.

शेषराव खाटेवर मटकन बसले होते, डबा मांडीवर तसाच.

“रक्ताले भेते म्हने...” ते स्वतःशीच बोलले. “माह्या डोयानं पाह्यलं मी, पोराले रक्त चढून राह्यलं अन् ही हात धरून बसेल होती! कोनी काई म्हनो, मले तं समजाले पाह्यजे होतं! मी कायले इसवास ठेवला व माय?”

नीलिमा त्यांच्याकडे बघेना. गेलेली दोन वर्षं अशा दोन वाक्यांनी परत येत नाहीत, हे तिला समजत होतं, आणि राग... हो, रागही होता! ती स्वयंपाकघरात निघाली.

“सिस्टर...”

तिचे पाय जागीच थांबले.

“जरा पानी आन व, सिस्टर.”

तिने माठातून पेला भरला. डोळे भरून आले होते, त्यामुळे पेला काठोकाठ झालेला तिला दिसलाच नाही आणि पाणी मनगटावरून ओघळलं. बाहेरून पुन्हा भीत भीत हाक आली, “आनून राह्यली ना?”

“आनून राह्यली, बाबा,” ती म्हणाली.