सतरावा ससा

शेनयांगच्या त्या धातुसंस्थेच्या मागच्या अंगणात, प्रयोगात गेलेल्या जनावरांसाठी एक दगड उभा आहे. दर वसंतात सगळे तिथे जमतात, जितके जीव गेले तितकी गाजरं ठेवतात नि तीनदा वाकतात.

"सोळाच?" निवृत्त भट्टीवाले तोंग उस्ताद टोपलीत डोकावून म्हणाले.

"सोळाच, उस्ताद," त्यांच्या हाताखाली शिकलेली गुआन शूलान म्हणाली.

साफ खोटं! ससे सतरा होते. जंतू मारणाऱ्या तांबेमिश्रित पोलादाच्या नळ्या त्यांच्या मूत्रमार्गात बसवल्या होत्या. जंतू नाहीत तर क्षारही साचत नाहीत. सतराव्याच्या नळीवर मात्र खडा धरला. कारण शूलानला ठाऊक होतं. नववर्षाला गावी जाणारी गाडी चुकू नये म्हणून तिने त्या नळीची खेप भट्टीतून सहाऐवजी चार तासांतच काढली होती; जंतू मारण्याइतकं तांबं पृष्ठभागावर आलंच नव्हतं. 'नळी बसवण्याआधीच भुलीत दगावला' असं लिहून तिने तो मोजणीतूनच वगळला.

त्याच खेपेतली नळी सोमवारी उस्तादांना बसायची होती. पहिला माणूस तेच. "मी शिकवलेल्या पोरीचा धातू मला चालत नसेल, तर दुसऱ्याच्या पोटात कशाला घालता?" म्हणून हट्टाने नाव दिलेलं. नळी केव्हाच इस्पितळात पोचली होती.

त्या दुपारी शूलानने उरलेली एक नळी ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवली. तासाभरात पांढरा थर. या पाण्यात क्षार नसतातच, मग साका आला कुठून? तिने खरवडला. पुन्हा आला. शनिवारी कोरड्या डबीतल्या नळ्याही पांढऱ्या झाल्या. रविवारी भात खाताना दातांखाली कच लागली. तांदूळ तिने दोनदा धुतले होते.

सांगायलाच हवं होतं. पण सांगितलं तर वीस वर्षांची अब्रू मातीत! स्वतःची किळस येत होती, तरी तिने हातात घेतलेला फोन खाली ठेवला.

सोमवारी सकाळी मात्र राहवेना. ती धावत इस्पितळात पोचली. उस्ताद स्ट्रेचरवर होते.

"आलीस? चेहरा का असा? कापणार मला आहेत, तुला नाही."

तिने तोंड उघडायला घेतलं.

"बोल की पोरी! मूग गिळलेस की काय?"

जबडा हलेना. आत जीभ कशावर तरी खरखरली.

तिने त्यांची बाही घट्ट धरली, नुसती नाही-नाही अशी मान हलवत राहिली.

"घाबरलीय बिचारी," उस्ताद नर्सला म्हणाले. त्यांनी तिची बोटं हलकेच सोडवली.

स्ट्रेचर आत गेलं, दार बंद झालं.

तिने ओठांच्या फटीत नख घातलं. दगडासारखी कडक, पांढरी खपली हातात आली. पुन्हा बोट नेलं, तोवर तिथे दुसरी धरली होती.