पान एकशे चौऱ्याऐंशी

पान एकशे चौऱ्याऐंशीवर बोटं टेकली की शार्दूलच्या छातीत धडधड सुरू व्हायची. ही धडधड त्याची नव्हती, त्याच्या बायकोची होती, आणि ती अगस्त्य नावाच्या एका आर्किटेक्टमुळे झाली होती, जो मुळात या जगात नव्हताच. कादंबरीतला नायक तो. उंच, गालाला खळी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. असल्या माणसाचा मत्सर करणं पंचेचाळिशीतल्या चष्मेवाल्याला शोभत नाही, हे शार्दूलला कळत होतं. पण कळून उपयोग काय? जळफळाट व्हायचा तो व्हायचाच.

भावकागद बाजारात येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. दिसायला हा कागद साधाच, पण त्याच्या समासात केसाहून बारीक तंतू विणलेले असतात. वाचणाऱ्याच्या बोटांचा घाम, ऊब, नाडीचे ठोके हे तंतू टिपून ठेवतात. पुढच्या वाचकाने तिथे बोटं टेकली की अगदी हलक्या विजेने ते सगळं त्याच्या नसांना सांगतात, आणि मग त्याचंही काळीज तसंच धडधडतं, गळा तसाच दाटून येतो. याला ठसा म्हणत. नवं कोरं पुस्तक घेण्यापेक्षा कुणीतरी मनापासून वाचलेलं घ्यावं, असं लोकांना त्यामुळे वाटायला लागलं होतं.

मिरजेतल्या बायकांनी तर पुस्तकभिशीच काढली. आठ जणी आणि एक प्रत, प्रत्येकीकडे आठ दिवस. शेवटच्या घरी पोचेपर्यंत प्रेमकथा अशी मुरायची, की भिशीतल्या लोंढेवहिनी म्हणायच्या, "आता हिला लोणच्याच्या बरणीत घालून ठेवा!" पहिल्या पानावर भिशीने एक चिठ्ठी डकवली होती: 'घरात भांडण झालं असेल तर आज वाचू नये.' शार्दूलला तो बायकांनी एकमेकींना दिलेला संसाराचा सल्ला वाटला आणि त्याने पान उलटलं.

या खेपेला प्रत सगळ्यांत आधी त्याच्या बायकोकडे, अनुजाकडे आली होती. तिने ती तीन दिवसांत संपवली आणि फळीवर ठेवून दिली. अनुजा शाळेत गणित शिकवायची, पाचला परत यायची. शार्दूलचं चष्म्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद. एरवी तो प्रेमकथांची टर उडवायचा, पण त्या दुपारी झोप येईना म्हणून त्याने पुस्तक हातात घेतलं. एकशे त्र्याऐंशी पानांपर्यंत किरकोळ गुदगुल्या होत्या. पुढच्या पानावर मात्र त्याला घाम फुटला.

आणि त्या पानावर होतं काय? अगस्त्य नैनाचा चष्मा काढतो, शर्टाच्या टोकाने पुसतो आणि परत तिच्या डोळ्यांवर चढवतो. बस्स, एवढंच! हे काम शार्दूल दिवसातून चाळीस वेळा करायचा, तेही मऊ फडक्याने. शर्टाने पुसलं तर काचेवर ओरखडे पडतात, एवढंही त्या आर्किटेक्टला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात आपल्यासाठी हिचं काळीज असं कधी धडधडलं असेल का, या विचाराने त्याला जेवण जाईना.

"तो अगस्त्य बरा आहे का गं?" त्याने रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बरा आहे," अनुजा म्हणाली, आणि चक्क लाजली.

मग दुसऱ्या दुपारी, तिसऱ्या, चौथ्या दुपारी तो त्याच पानावर हात दाबून बसला. पहिल्या दिवशी धडधड मऊ होती. चौथ्या दिवशी तिची नुसती आग झाली होती, दात आवळले जात होते. केवढी गुंतलीय ही, असं त्याच्या मनात आलं.

पाचव्या दुपारी त्याला एक निमित्त सापडलं. भावकागदावर काम करणाऱ्या डॉ. शिरीन मुजावर त्याच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा नवा चष्मा तयार होता. तो घेऊन शार्दूल थेट त्यांच्या प्रयोगशाळेत गेला.

"मॅडम, एक विचारू? ठशावरून कळतं का हो, कुणासाठी धडधडतंय ते?"

"नाही. कागद ठोके टिपतो, नाव टिपत नाही," शिरीनबाई म्हणाल्या. "अंग आधी पेटतं, कारण मन मागाहून शोधतं. हाताशी जे सापडेल ते त्याला पटतं."

शार्दूलने सवयीने नवा चष्मा पुसला, त्यांच्या नाकावर चढवला, कानामागे काड्या नीट बसवल्या. मग हळूच विचारलं, "आणि एकच पान दोघांनी वाचलं तर?"

"सौम्य ठसे एकमेकांत मुरतात. पण नंतरचा जोरकस असला तर आधीचा पुसून टाकतो. राग आणि मत्सर तर सगळ्यांत जोरकस. म्हणून तर त्या भिशीवाल्या चिठ्ठी लावतात ना!"

"पुसलेला परत आणता येतो?"

"छे. गेला तो गेला."

शार्दूलच्या तोंडचं पाणी पळालं. चौथ्या दिवशीची ती आग अनुजाची नव्हतीच.

दुकान न उघडता तो कुठेतरी भटकत राहिला आणि साडेपाचला घरी आला. अनुजा पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती.

"बरं झालं लवकर आलात. उद्या हे लोंढेवहिनींकडे जाणार. त्याआधी तुम्हाला यातलं एक पान द्यायचंय." तिने पान एकशे चौऱ्याऐंशी उघडलं. "मी पहिल्यांदा दुकानात आले होते, आठवतंय? तुम्ही माझा चष्मा काढून पुसलात आणि परत डोळ्यांवर चढवलात. घरी जाईपर्यंत माझी छाती धडधडत होती. तोंडानं बोलायला मला कधी जमलं नाही. हे वाचताना सगळं तेच आठवलं. म्हटलं, ठशातूनच सांगावं."

शार्दूलला रडू आलं. जन्मभर जे ऐकायचं होतं ते त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं.

"आज नको अनुजा. ठेव ते."

"लाजता काय? थांबा, नीट उमटलाय का बघते." तिने समासावर बोटं टेकली.

क्षणभर तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. मग कानशिलं तापली, दात आवळले गेले. ती आग शार्दूलच्या चांगलीच ओळखीची होती.

"चारनंतरही दुकान बंद होतं म्हणे. कुठे होतात?"

"मुजावर मॅडमचा चष्मा द्यायला गेलो होतो."

"घरपोच? कधीपासून घरपोच द्यायला लागलात?"

"अनुजा, ऐक. तो ठसा माझा आहे. मी वाचलं ते पान, रोज दुपारी..."

"तुम्ही? प्रेमकथा?" ती कडवट हसली. "काहीही सांगू नका. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर तुम्हीच चढवलात ना?"

शार्दूलने मान डोलावली. त्यानेच चढवला होता.

अनुजाने आपला चष्मा काढला. काचांवर वाफ धरली होती. शार्दूलने सवयीने हात पुढे केला, पण तिने तो बाजूला सारला आणि ओढणीच्या टोकाने काचा स्वतःच पुसल्या.