निळं कुलूप

हे खरं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही. रात्रीची गोष्टही नाही ही. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरची, धुक्यातली एक दुपार.

दादा माझा मावसभाऊ. मला मावशीनेच वाढवलं, त्यामुळे सख्खा म्हटला तरी चालेल. तो तिथे फिटर होता. तिथला एक नियम आहे. टाकीत उतरायचं असेल तर आधी टाकीत येणाऱ्या गॅसचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्याच्या चाकाला स्वतःचं कुलूप लावायचं. किल्ली स्वतःच्या खिशात.

ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं.

दादा आत असताना कोणीतरी व्हॉल्व्ह उघडला. दादा आतच गेला.

चौकशीत तिथला साहेब म्हणाला, "त्याने कुलूप लावलंच नव्हतं."

दादाच्या खिशातली किल्ली घरी आली. मावशी ती तळहातावर घेऊन एवढंच म्हणाली, "कुलूप नव्हतं, तर ही किल्ली कशाची रे?"

या साहेबाला सगळे मागून घाईसाहेब म्हणायचे. काम थांबलं की त्याचा जीव वरखाली व्हायचा. कुलूप त्यानेच तोडलं असणार, पण पुरावा कुठून आणायचा? मी फिटरचं काम शिकलो आणि त्याच प्लॅटफॉर्मवर लागलो. आडनाव वेगळं, त्यामुळे नातं कोणाला कळलं नाही. दादाची किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. कोणाशी दोस्ती केली नाही. घरी फोन करणंही कमी केलं, कारण मावशीचा आवाज ऐकला की मी ढिला पडायचो.

मला त्या माणसाचा जीव घ्यायचा होता. स्पष्टच सांगतो.

त्या दुपारी धुक्यामुळे हेलिकॉप्टर आलं नाही. माणसं कमी पडली. टाकी तीच. घाईसाहेब स्वतःच तपासायला निघाला.

"कुलूप लावायचं ना, साहेब?" मी विचारलं.

"दोन मिनिटांचं तर काम. तू आहेस ना बाहेर."

तो आत उतरला.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. खालून लाटांचा आवाज येत होता... मग तोही थांबला. प्लॅटफॉर्मवर इतकं शांत कधीच नसतं.

मी चाकावर हात ठेवला.

चाक हलेना.

वाकून पाहिलं... तर चाकाला कुलूप.

निळं. मघाशी नव्हतं. आणि त्यावर पांढरा ठिपका. दादा आपल्या प्रत्येक वस्तूवर तसा ठिपका काढायचा, अगदी दात घासायच्या ब्रशवरसुद्धा.

मी गळ्यातल्या दोऱ्यातून किल्ली ओढून काढली. किल्ली कुलपात गेली... बसली. फक्त फिरवायची होती.

नाही जमलं मला. मी तिथेच चाकाला टेकून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

बऱ्याच वेळाने घाईसाहेब वर आला. चेहरा पांढराफटक.

"आत दुसरं कोण उतरलं होतं?"

"कोणी नाही, साहेब."

"माझी टॉर्च बंद पडली. वाट सापडेना. अंधारात कोणीतरी येऊन शेजारी बसलं... हात धरला माझा." तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणाला, घाबरू नका साहेब. बाहेर माझा भाऊ उभा आहे."

मी उठून उभा राहिलो.

"त्याचं कुलूप मीच तोडलं होतं," तो हळूच म्हणाला. मी काहीच विचारलं नव्हतं.

मी मागे वळलो. चाकावर कुलूप नव्हतं. किल्लीही नव्हती. गळ्यात नुसता दोरा राहिला होता.

बाहेर भाऊ आहे हे दादा विश्वासाने म्हणाला, की माझा हात चाकावर होता हे त्याला दिसत होतं म्हणून? मला आजही कळत नाही. एवढ्या वर्षांनी आला, आणि बसला कोणाजवळ, तर त्या माणसाजवळ. मी पलीकडेच होतो. माझ्याशी एक शब्दही बोलला नाही.

अजूनही त्या टाकीचं काम निघालं की मी मागे थांबतो. सगळे गेल्यावर पत्र्याला कान लावून हाक मारतो, "दादा..."

आतून काहीच येत नाही.